गिटारच्या आधी बनतो तो साचा



गिटार हल्ली बऱ्याच घरांत दिसते. कोणी क्लासला जातं, कोणी मोबाईलवर बघून शिकतं. आज आपण वाजवण्याबद्दल बोलणार नाही, बनवण्याबद्दल बोलणार आहोत. आणि त्यातही गिटारपेक्षा जास्त, गिटार बनवणारा माणूस आपल्या छोट्या खोलीत स्वतःसाठी जी साधनं तयार करून घेतो त्यांच्याबद्दल. गणित, विज्ञान आणि कार्यानुभव हे तीन तास जिथे एकाच टेबलावर येतात अशी ही जागा आहे, म्हणून हा विषय घेतला.

छोटी कार्यशाळा म्हणजे एक माणूस, फार तर दोन. वर्षाला मोजक्याच गिटारी. करवत, रंधा, पटाशी, कानस, गुण्या ही हत्यारं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पण गिटारची कड वाकवायचं साधन, आतल्या पट्ट्या चिकटवायचा मांडव, पडद्यांच्या खाचा पाडायची पेटी असल्या वस्तू गल्लीतल्या दुकानात कोण ठेवणार? परदेशातून मागवल्या तर किंमत परवडत नाही. मग कारागीर त्या स्वतः करतो. कधी प्लायच्या तुकड्यातून, कधी जुन्या पाइपातून, कधी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांतून. याला आपण पटकन ‘जुगाड’ म्हणतो. मला तो शब्द इथे पटत नाही. जुगाडात वेळ मारून नेलेली असते. या साधनांत मात्र एकेक माप कायमचं साठवून ठेवलेलं असतं.

अडचण कुठे आहे?

आधी एवढा खटाटोप कशासाठी ते समजून घेऊ. गिटारच्या पोटाचा वरचा पातळ फळा, जिथे गोल भोक असतं तो, आवाजाचं मुख्य अंग आहे. सतारीच्या कारागिरांचा शब्द घेऊन त्याला आपण तबली म्हणू. ही तबली बहुधा स्प्रूस किंवा सीडर या लाकडाची, आणि जाडीला साधारण अडीच मिलिमीटर. म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांपेक्षाही कमी. आणि तिच्यावर ओढ किती? नायलॉनच्या सहा तारांची मिळून चाळीस किलोच्या आसपास, स्टीलच्या तारांची सत्तर किलोच्या आसपास. एक मोठा माणूस त्या अडीच मिलिमीटरच्या फळ्याला दिवसरात्र लटकलेला आहे असं समजा.

फळा जाड ठेवला तर प्रश्न मिटतो, पण मग तो थरथरत नाही आणि आवाज बसका येतो. पातळ केला तर आवाज खुलतो, पण वर्षभरात पोट फुगतं, घोडीजवळ खड्डा पडतो, किंवा सरळ तडा जातो. कारागिराचं सगळं काम या दोन टोकांच्या मधे चालतं. शिवाय फळ्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तीन मिलिमीटरचा फळा अडीचवर आणला, तर लाकूड सहावा हिस्सा कमी झालं, पण ताठपणा जवळजवळ ४२ टक्क्यांनी घटला. मुलांना हा हिशोब जरूर करायला लावा : २.५ ला ३ ने भागा, त्याचा घन करा, ०.५८ येतं. ‘घन’ म्हणजे नुसती पाठ करायची गोष्ट नव्हे, अर्धा मिलिमीटर रंधा जास्त फिरला की काय होतं ते त्यात दिसतं.

म्हणून जाडी मोजायचं साधन लागतं. दुकानातला व्हर्नियर फळ्याच्या कडेला पोचतो, मधे पोचत नाही. यावर उपाय सोपा : प्लायची एक खोल ‘यू’ आकाराची चौकट कापायची, तिच्या एका हाताच्या टोकावर डायल असलेलं मोजपट्टीचं घड्याळ बसवायचं आणि दुसऱ्या हाताच्या टोकावर, बरोबर समोर, एक गोल बटण. फळा मधे सरकवला की मध्यभागाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वाचता येते. इथे विकत घेतलंय ते फक्त घड्याळ.

तबलीचं महत्त्व पटवून देणारा एक जुना प्रयोग आहे. स्पेनमधल्या आल्मेरियाचे अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हे मुळात सुतार. आजच्या शास्त्रीय गिटारचा आकार आणि आतली पंख्यासारखी पट्ट्यांची रचना त्यांच्या हातून पक्की झाली. १८६२ मध्ये त्यांनी एक गिटार केली तिची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. तबली मात्र नेहमीसारखी लाकडाची. आवाज घडवण्यात मुख्य वाटा तबलीचा असतो हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आपल्याकडे मुलं कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात; त्याच लगद्यातून एवढा गंभीर प्रश्न विचारता येतो हे त्यांना सांगण्यासारखं आहे.

कामट्यांचा मांडव

आता मला सगळ्यात आवडणारं साधन. तबलीच्या आतल्या बाजूला सात-आठ बारीक पट्ट्या चिकटवाव्या लागतात. सरस किंवा फेव्हिकॉल सुकेपर्यंत त्या दाबून धरायच्या. नेहमीचा लोखंडी क्लॅम्प कडेपासून आत पोचत नाही, आणि असे वीस-तीस क्लॅम्प एका फळ्यावर टांगले तर त्यांच्या वजनानेच फळा वाकायचा.

कारागीर काय करतो? खाली एक जाड प्लाय, वर एक जाड प्लाय, चार कोपऱ्यांत चार आटेदार सळया, मधे साधारण दोन फुटांची पोकळी. एखाद्या कपाटाचे दरवाजे आणि बाजू काढून टाकल्यासारखं दिसतं. काम खालच्या फळीवर ठेवायचं, आणि पोकळीपेक्षा बोटभर लांब अशा लवचीक काठ्या वाकवून वर-खाली अडकवायच्या. काठी सरळ व्हायला बघते आणि पट्टी दाबली जाते. इंग्रजीत याला ‘गो-बार डेक’ म्हणतात. पियानो आणि हार्पसिकॉर्ड करणारेही ही युक्ती वापरत आले आहेत. काठ्या फायबरच्या चालतात, लाकडी चालतात, आणि आपल्याकडे तर बांबूच्या कामट्या आहेतच. आकाशकंदील करताना आपण ज्या कामट्या तासतो त्याच, जरा जाड.

यात विज्ञान लपलेलं आहे. स्प्रिंग जितकी दाबावी तितका जोर वाढतो, हे मुलांना माहीत असतं. काठीचं तसं नाही. लांब बारीक काठी टोकांकडून दाबली की ती आधी सरळ राहते, मग एका ठरावीक जोराला अचानक बाक घेते. आणि एकदा बाक घेतला की थोडा जास्त वाकवा किंवा थोडा कमी, जोर जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे पट्टीची उंची कुठे दहा मिलिमीटर, कुठे पंधरा असली तरी प्रत्येक ठिकाणी दाब सारखा. गणिती ऑयलर यांनी अठराव्या शतकात हा नियम मांडला. कारागिराला तो हाताने कळलेला असतो. जोर हवा तसा बदलायचा असेल तर कामटीची जाडी बदलायची. चौकोनी छेदाच्या काठीची वाकायच्या दिशेतली जाडी दुप्पट केली की जोर आठपट. पुन्हा तोच घन!

वर्गात हे करायला गिटारची गरज नाही. बाकाखालची जागा, झाडूची काडी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढं पुरे. काडी काट्यावर उभी धरून वरून हळूहळू दाबायची आणि आकडा कुठे थांबतो ते बघायचं. मुलं स्वतःच ओरडून सांगतात.

फुगवट्याची थाळी

गिटारची तबली सपाट दिसते, पण बहुतेक वेळा ती किंचित फुगीर असते. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं. सपाट फळा आकसताना फाटतो, फुगीर फळा थोडा बसतो आणि वाचतो. हा फुगवटा देण्यासाठी मांडवात खाली एक उथळ थाळी ठेवतात. जाड लाकडी फळीत कोरलेली, मोठ्या गोलाच्या तुकड्यासारखी. स्पेनमधले कारागीर पूर्वीपासून ज्या कामाच्या फळीवर गिटार पालथी जुळवतात, तिला ते ‘सोलेरा’ म्हणतात. तीही मधे अशीच खोलगट घासलेली असते.

खोली किती ठेवायची? समजा २५ फूट, म्हणजे सुमारे ७,६२० मिलिमीटर त्रिज्येचा गोल हवा आणि गिटार ४०० मिलिमीटर रुंद आहे. दहावीच्या भूमितीतलं जीवांच्या अंतर्छेदनाचं प्रमेय आठवा. अर्धी जीवा २००, तिचा वर्ग ४०,०००. खोली गुणिले (व्यास वजा खोली) बरोबर ४०,०००. व्यास १५,२४०. उत्तर येतं साधारण २.६ मिलिमीटर. पाठीसाठी बऱ्याचदा १५ फुटांची त्रिज्या घेतात, तिथे ४.४ मिलिमीटर. पंचवीस फुटांचा कंपास कुठून आणणार? लागतच नाही. पट्टीवर मधे २.६ मिलिमीटरची खूण करून तीन बिंदूंतून लवचीक पट्टी वाकवायची, तो बाक प्लायवर उतरवायचा आणि त्या बाकाच्या दोन पट्ट्यांवरून कोरायचं यंत्र फिरवायचं. परीक्षेत दोन गुणांना येणारं प्रमेय इथे दोन मिलिमीटरला उपयोगी पडतं.

त्याच थाळीत खरखरीत पॉलिश पेपर चिकटवला की ती घासायचं हत्यार होते. आतल्या पट्ट्या तिच्यावर घासल्या की त्यांना आपोआप तोच बाक येतो. एकदा बरोबर केलेलं माप पुढच्या प्रत्येक गिटारला मिळत राहतं.

कडा वाकवणं

याबद्दल मुलं हमखास विचारतात : लाकूड वाकवतात कसं, मोडत नाही? कडेचं लाकूड दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. ते ओलं करायचं आणि गरम पाइपवर हळूहळू टेकवत वळवायचं. पाइप शिकंज्यात आडवा धरलेला, आत गॅसची ज्योत किंवा गरम हवेचं यंत्र. तापमान शंभर अंशांच्या बरंच वर, दीडशेच्या आसपास. पारखायला पाण्याचा थेंब टाकतात. थेंब नुसता सुकला तर थांबायचं, चुरचुरत उडाला तर कामाला लागायचं. भाकरीचा तवा तापला की नाही हे जसं आई बघते तसंच. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन उष्णतेने मऊ पडतं, तेवढ्या क्षणात बाक घ्यायचा, गार होताना तो पक्का होतो. वाकवलेली कड थोडी परत उघडते, म्हणून ती लगेच प्लायच्या फर्म्यात बसवून ठेवतात.

अमेरिकन कारागीर चार्ल्स फॉक्स यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साचा आहे. त्यात गिटारच्या आकाराच्या ठोकळ्यावर लाकूड पत्र्याच्या दोन पट्ट्यांमधे धरून दाबतात, आणि उष्णता येते ती आत लावलेल्या साध्या दिव्यांची. जुने तारेचे दिवे प्रकाशापेक्षा उष्णताच जास्त द्यायचे. घरात तो तोटा होता, इथे तोच फायदा झाला. एलईडीने हे काम होणार नाही. का नाही, हा प्रश्न आठवीच्या वर्गात टाकून बघा.

शिसवीचा उल्लेख इथे करायला हवा, कारण जगभरच्या गिटारांच्या पाठी आणि कडा आपल्या दक्षिण भारतातल्या शिसवीच्या असतात. तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. लाकूड जपून वापरण्यामागे तेही एक कारण आहे.

बाकीच्या किरकोळ युक्त्या भराभर सांगतो. कडेच्या आतून जी दातेरी पट्टी चिकटवतात ती धरायला कपड्यांचे चिमटे, त्यांवर जास्तीचं रबर गुंडाळून. कडेला नक्षीची पट्टी चिकटवताना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या, बँडेजसारख्या गुंडाळायच्या. सरस साठ अंशांवर ठेवायला पाण्याच्या भांड्यात ठेवलेली बाटली.

पडद्यांचं गणित

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर चुकला तर सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात खाच पाडून ठोकलेले. एकदा चुकले की गिटार जन्मभर बेसूर. म्हणून हा भाग सावकाश बघू.

तारेची वाजणारी लांबी निम्मी केली की वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो. मधे बारा सारख्या पायऱ्या बसवायच्या. सारख्या म्हणजे सारख्या अंतराच्या नव्हेत, सारख्या पटीच्या. प्रत्येक पायरीला उरलेली लांबी एका ठरावीक संख्येने भागली जाते, आणि बारा वेळा भागल्यावर बरोबर निम्मी उरली पाहिजे. ती संख्या २ चं बारावं मूळ, १.०५९४६. कारागिरांनी हेच सोपं करून ठेवलंय : उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, पुढचा पडदा तितक्या अंतरावर.

तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरू. पहिला पडदा ३६.४८ वर. पाचवा १६३.०५ वर, सातवा २१६.१८ वर, बारावा नेमका ३२५ वर. यापूर्वी १८ ने भागायची पद्धत होती. सोळाव्या शतकात व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी ती ल्यूट या वाद्यासाठी मांडली. हे दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचे वडील. अठराने भागलं तर बारावा पडदा कुठे येतो? ६५० ला १७/१८ ने बारा वेळा गुणा : ३२७.४ उरतात, म्हणजे पडदा २.४ मिलिमीटर अलीकडे राहतो. तार दाबताना ती थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो, त्यामुळे यातली काही कसर भरून निघायची. जुनी माणसं चुकत होती असं पटकन म्हणू नये.

आता तंत्राचा मुद्दा, आणि हा वर्गात दहा वेळा सांगण्यासारखा आहे. पडद्याच्या खुणा करताना एका पडद्यापासून पुढचा असं मोजत जायचं नाही. प्रत्येक खूण मानेच्या वरच्या टोकापासून, पट्टी न हलवता करायची. एकापासून एक मोजत गेलात आणि दर वेळी अर्धा मिलिमीटर त्याच बाजूला चुकलात तर बाराव्यापर्यंत चूक सहा मिलिमीटर होते. एकाच टोकापासून मोजलं तर प्रत्येक खुणेची चूक तिच्यापुरती राहते.

कारागीर एवढ्यावर थांबत नाही. तो ही मापं एकदाच, अतिशय काळजीने, धातूच्या किंवा अॅक्रिलिकच्या पट्टीवर उतरवतो आणि प्रत्येक जागी बारीक खाच पाडतो. मग लाकडाची एक लांब पेटी करतो, तिच्यात करवत सरळ उभी धरणाऱ्या दोन भिंती आणि तळाशी एक खिळा. गिटारची पट्टी या मापपट्टीवर दुहेरी चिकटपट्टीने लावायची, खाच खिळ्यात अडकवायची, करवत फिरवायची. पुढची खाच, पुन्हा करवत. खोली ठरवायला करवतीच्या पात्यावर लाकडाची पट्टी लावलेली असते, तेवढं कापलं की ती टेकते. आता इथे हात थरथरला तरी पडदा हलत नाही.

पावसाळा

एक गोष्ट आपल्या हवेमुळे जास्त महत्त्वाची आहे. गिटार जुळवताना खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवी. कोकणात जुलैमध्ये ती ८०-९० टक्के असते. त्या दमट हवेत फुगलेल्या तबलीवर पट्ट्या चिकटवल्या आणि ती गिटार पुढे हिवाळ्यात मराठवाड्यात किंवा एसीच्या खोलीत गेली, की ४०० मिलिमीटर रुंदीचा फळा तीन-चार मिलिमीटर आकसायला बघतो. पट्ट्या मात्र त्याला धरून ठेवतात, कारण लाकूड लांबीत जवळजवळ आकसतच नाही. मग तडा. म्हणून पावसाळ्यात फळे एका बंद पेटीत, आत छोटा दिवा लावून ठेवतात. हवा गरम झाली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते.

आर्द्रता बघायचं साधनही घरी होतं. लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या घ्या, एक तंतूंच्या दिशेने कापलेली, एक आडवी, आणि एकमेकींवर चिकटवा. एक टोक भिंतीला, दुसरं मोकळं. ओल वाढली की आडवी पट्टी फुगते, जोडी एका बाजूला वाकते. कोरडं झालं की दुसऱ्या बाजूला. मागे कागदावर खुणा केल्या की झालं.

मुलांनी यातलं काय करावं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकण्याची कल्पना आहे. पण बऱ्याच घरी ‘प्रोजेक्ट’ म्हणजे दुकानातून आणलेला तयार संच, आणि तो जोडणारे आईबाबा. मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर आठवा. हे शिकलगर घराणं मूळचं हत्यारांना धार लावणारं. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. हत्याराची समज आधी होती, वाद्य नंतर आलं.

शाळेत गरम पाइप, फिरती यंत्रं आणि शिसवीचा भुसा मुलांपासून लांबच ठेवा. शिसवीच्या भुशाने काहींना अंगावर पुरळ येतं, श्वासाचा त्रासही होतो. मोठ्यांनीही चांगला मास्क लावल्याशिवाय घासू नये. कामट्यांचा मांडव, ओल दाखवणारी पट्टी आणि पडद्यांची पाटी या तीन गोष्टी मात्र बिनधास्त करू द्या.

पडद्यांच्या पाटीसाठी साधारण ७५० मिलिमीटर लांबीची सरळ फळी, दोन टोकांना दोन स्क्रू, गिटारची एक तार आणि ती उचलून धरायला दोन छोट्या लाकडी पट्ट्या. दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर ६५०. मुलांनी कॅल्क्युलेटरवर बारा अंतरं काढावीत, पेन्सिलने रेघा माराव्यात, रेघेवर तार चमच्याच्या कडेने दाबून छेडावी. मोबाईलवरच्या ट्यूनर अॅपने स्वर तपासता येतो. तार फळीपासून दोन-तीन मिलिमीटरच वर असू द्या, नाहीतर दाबताना ताण वाढून स्वर चढेल आणि मुलं गणिताला दोष देतील. बारावी रेघ ३२५ वर आली नसेल तर लगेच खोडरबर देऊ नका. मोजायला सुरुवात कुठून केली होती, ते आधी विचारा.